मदत हवी आहे : इझाबो रिशार्द, केप वसाहत

दक्षिण आफ्रिकेतल्या डचांच्या केप वसाहतीतली, द्राकेन्स्टाइन खोऱ्यातली ह्युगेनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) वसाहतकरीण इझाबो रिशार्द हिचा माग काढायचा आहे. नवरा पिएर जुबेर, मृत्यू १७३२, फ्रान्सहूकच्या 'ला प्रोव्हान्स' शेताचा मालक. त्याची पहिली बायको 'चायना' जहाजावरच वारली. हे जहाज ४ ऑगस्ट १६८८ ला केपला लागलं.

डच रिवाजात लग्नानंतरही कागदावर माहेरचंच नाव राहतं, म्हणून 'जुबेर' शोधून ती सापडणार नाही. त्यात कारकून ऐकू येईल तसं लिहीत: इझाबोची एलिझाबेथ होते, रिशार्दचा रिचर्ड. त्यामुळे नावापेक्षा नवरा, मुलं आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार जुळवणं जास्त भरवशाचं. साक्षीदार बहुधा नात्यातले किंवा शेजारचे, आणि बाईचं माहेर तिथेच उघडं पडतं.

ओपगाफ म्हणजे वार्षिक करयाद्यांत माणसं, गुलाम, गुरं, द्राक्षवेली यांचे आकडे आहेत. ते ओळीने लावले की घर वाढतं कधी, ओसरतं कधी ते दिसतं. या घरात राबलेल्या गुलामांची नावंही हवीत. ती अनाथ मंडळाच्या, म्हणजे मृतांची मालमत्ता आणि वारसा पाहणाऱ्या कचेरीच्या, मालमत्ता याद्यांत शोधावी लागतील.

अडलंय दोन ठिकाणी. केप टाउनच्या अभिलेखागारातल्या एमओओसी ८ मालिकेतलं (याच मालमत्ता याद्या) सतराव्या-अठराव्या शतकातलं डच घसीट अक्षर कुणाला वाचता येतं का? मोडीसारखंच, सराव नसला तर शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. आणि प्रोव्हान्समधल्या ल्यूबेरोनच्या गावांच्या, १६८५ पूर्वीच्या (त्या वर्षी फ्रान्सने प्रोटेस्टंट पंथावर बंदी घातली) प्रोटेस्टंट नोंदवह्या कुणी पाहिल्या आहेत का? गाव आणि वर्ष सांगितलंत तरी पुरे.