मदत हवी आहे: फौज सोडून गाडी घेऊन निघालोय, पुढचं काही ठरत नाही

नमस्कार. १७ वर्षं फौजेत ड्रायव्हर होतो. चार महिन्यांपूर्वी पेन्शनवर आलो. घरात बसून जीव घुसमटायला लागला, तेव्हा गाडी काढली आणि एकटाच लांबच्या प्रवासाला निघालो. बायको एवढंच म्हणाली, "जाऊन या, पण रोज रात्री फोन करा." आज १९वा दिवस. ४,६०० किलोमीटर झाले.

फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असते. कुठून कुठे, निघताना मीटर किती, पोचल्यावर किती, गाडी कशासाठी बाहेर काढली, सगळं त्यात येतं. सवयीने या प्रवासासाठीही तशीच वही आखली. पहाटे साडेचारला आपोआप जाग येते. चादरीची घडी घालतो, टायर थंड असतानाच हवा तपासतो (गाडी पळाली की टायर तापतो आणि हवा जास्त दाखवते), ऑइलची काडी पुसून बघतो आणि वही उघडतो. तारीख, वेळ, मीटर. शेवटचा रकाना 'काम'. पूर्वी तिथे रेशन, डाक, पेशंट, रजेवरच्या जवानांना स्टेशनवर सोडणे असं काहीतरी असायचं. आता रोज कोरा.

तो कोरा रकाना मला सहन होत नव्हता, म्हणून मी किलोमीटर वाढवत गेलो. अकराव्या दिवशी पहाटे पाचला निघालो तो रात्री साडेदहापर्यंत चालवत राहिलो. कुठे पोचायचं नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं. नवीन पोरांना मीच सांगायचो, की १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा गाडी चालवतो. एका वळणावर गाडी मधली पट्टी ओलांडून पलीकडे गेली तेव्हा भानावर आलो. बाजूला घेऊन अर्धा तास स्टिअरिंग धरून बसलो. तेव्हापासून दिवसाला २५० च्या वर जायचं नाही असं ठरवलंय आणि ते पाळतोय.

अर्ल शेफर नावाचा एक अमेरिकन सैनिक होता. दुसऱ्या महायुद्धात त्याचा जवळचा मित्र गेला. फौज अंगातून उतरवायची म्हणून तो १९४८ मध्ये जॉर्जिया ते मेन असा सगळा अपालाचियन ट्रेल (अमेरिकेतली डोंगरातली लांब पायवाट) एकटा चालला, तीन हजारांवर किलोमीटर. पुढे १९६५ मध्ये पुन्हा चालला आणि १९९८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, तिसऱ्यांदा. त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. पण मागे संसार असलेल्या माणसाने किती दिवस रस्त्यावर राहायचं?

बायको फोनवर विचारते, आज कुठे? मी गाव आणि किलोमीटर सांगतो. मग विचारते, बरं, पण वाटलं कसं? तिथे मी गप्प होतो.

एका ट्रान्सपोर्ट कंपनीने गाड्यांच्या देखभालीवर सुपरवायझरचं काम देऊ केलंय. दहा दिवसांत उत्तर हवंय. काम हातचं आहे. पण आत्ता हो म्हटलं तर फक्त रकाना भरायला म्हटल्यासारखं होईल, ही भीती आहे. सैन्यातून बाहेर पडून असा प्रवास कुणी केला असेल तर सांगा, तुम्ही परत कधी फिरलात? आणि हुकूम नसलेला दिवस काढायची सवय कशी लावलीत?

भर (दोन दिवसांनी): उत्तरं दिलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. एकांनी सुचवलं, 'काम' सकाळी भरू नका, रात्री भरा. करून पाहिलं. काल रस्त्यात एका टेम्पोवाल्याचं चाक पंक्चर झालं होतं, थांबलो. त्याचा मुलगा नट ओळीने एकापाठोपाठ एक आवळत होता. त्याला दाखवलं, की समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. मग त्यानेच सगळे सोडून पुन्हा नीट आवळले. तास गेला. रात्री वहीत लिहिलं, 'चाक बदलणे, मुलाला शिकवणे.' बायकोलाही तेच सांगितलं, आणि बराच वेळ बोललो.

म्हणून आणखी एक विचारतो. जड वाहन चालवायला शिकवण्याच्या कामात इथे कुणी आहे का? फौजेतला अनुभव धरतात का, की वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं? कंपनीला उत्तर द्यायला अजून आठ दिवस आहेत.