मदत हवी आहे: धुलाई युनिटमधल्या पोराची उचल फिटतच नाही, सही करू की नको?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात दवाखाने, लॉज आणि दोन-तीन कंपन्यांच्या गेस्ट हाऊसला चादरी, टॉवेल पुरवून धुऊन देण्याचा माझा छोटा धंदा आहे. माझ्याकडे २६ माणसं, त्यातल्या १९ बायका, बऱ्याचशा विडी घरकुल वसाहतीतून येणाऱ्या. धुलाई मात्र बाहेर देते, गावाबाहेरच्या एका युनिटला. सहा वर्षांचा व्यवहार आहे.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीकडून फॉर्म आला. त्यांची मूळ कंपनी इंग्लंडची. तिथल्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला ३.६ कोटी पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना, आपल्याला माल आणि सेवा देणाऱ्यांकडे गुलामगिरी होऊ नये म्हणून काय केलं, हे दरवर्षी जाहीर करावं लागतं. तेच कागद खाली उतरत माझ्यापर्यंत आले. ‘आमच्या कुठल्याही पुरवठादाराकडे सक्तीची मजुरी नाही’ या ओळीखाली माझी सही हवी आहे. मी पेन उचललंही होतं. पण न बघता सही कशी करायची, म्हणून एका दुपारी न सांगता युनिटवर गेले.

मालक जेवायला गेले होते. मुनीमजींनी बिलबुक काढायला ड्रॉवर उघडला, तर आत रबर लावलेला आधार कार्डांचा गठ्ठा. खाली एटीएम कार्डं, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पट्टीवर बॉलपेनने चार आकडे. बाजूला उघडी वही: नाव, उचल, खाडा, खोली, गॅस, बाकी.

हायड्रोतून, म्हणजे धुतलेल्या कपड्यांतलं पाणी काढायच्या यंत्रातून, ओल्या चादरी काढणारा एक पोरगा आहे, अफझलपूरकडचा, विशीतला. ब्लीचने बोटांची टोकं पांढरी पडून चिरलेली. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी बोअर मारायला ४०,००० उचल घेतली, पाणी लागलंच नाही. आज वहीत त्याच्या नावावर बाकी ५२,०००. एक खाडा झाला की ५०० कापतात, खोलीचं भाडं वेगळं. दोन वर्षं राबून बाकी वाढलीय! मला कानडी येतं, म्हणून तो हळूच म्हणाला, “अक्का, ऊरिगे होगबेकु.” गावाला जायचंय. मग जा की, म्हटलं. त्याने ड्रॉवरकडे बघितलं.

तेव्हापासून झोप नाही. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीची उचल, मुकादम, कोयता हे लहानपणापासून बघितलंय, वीटभट्टीवरचंही ऐकलंय. पण मी ज्या चादरी दवाखान्यात घडी घालून देते त्यात हे असेल असं कधी मनात आलं नाही.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. दवाखान्यांचे पैसे उशिरा येतात म्हणून मी या युनिटला ७०-७५ दिवसांनी पैसे देते, आणि दरवर्षी दर घासून घेते. शिवाय माझ्या बायकांनाही मी शाळेच्या फीला, आजारपणाला उचल देते आणि पगारातून कापते. मग माझ्यात आणि त्या युनिटच्या मालकात फरक काय?

काम काढून घेतलं तर त्या पोराचं काय होईल? त्याचे ५२,००० मीच भरून त्याला सोडवू का? तक्रार करायची तर कुठे? सही तर आता माझ्याने होणार नाही. कुणी अशातून गेलं असेल तर कृपया सांगा. युनिटचं नाव विचारू नका.

जुना_कामगार_कार्यकर्ता:
ताई, पैसे अजिबात भरू नका. भरलेत की कर्ज खरं होतं असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं, आणि त्याच पैशात दुसरा पोरगा आणून हायड्रोवर उभा करतील. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज फेडायचं बंधनच संपतं. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी उचल देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद. संविधानाच्या कलम २३ ने सक्तीची मजुरी बंद केलीय, आणि १९८२ च्या एशियाड मजुरांच्या निकालात सुप्रीम कोर्टाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हीसुद्धा सक्तीच धरलीय. म्हणून वहीत हातात किती पडतं तेही बघा.
लेखी अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांत ऑफिसला द्या. जिल्ह्याला आणि उपविभागाला या कायद्याखाली दक्षता समिती असते. चौकशीनंतर मुक्ती प्रमाणपत्र मिळतं, ते त्याने सोडायचं नाही, पुनर्वसनाची मदत त्याच्यावरच अवलंबून आहे. मोफत वकील हवा तर विधी सेवेचा १५१०० नंबर. पण आधी त्या पोराला विचारा, त्याला काय हवंय. त्याच्या संमतीशिवाय मालकाशी एक शब्दही बोलू नका, रातोरात दुसरीकडे हलवतील.

बार्शीचा_कंत्राटदार:
उचलीचं विचारलंत म्हणून सांगतो. उचल देणं वाईट नाही, आपल्याकडे अडीनडीला दुसरं दारच नसतं. माझ्या मते बघायचं एवढंच: बाकी असताना माणूस उद्या काम सोडू शकतो का? मी बिनव्याजी देतो, महिन्याचा हप्ता आधी ठरवतो, खाड्याचा दंड लावत नाही, आणि हिशेब त्याच्या भाषेत लिहून एक प्रत त्याच्याकडे ठेवतो. कोणी सोडून गेला तर राहिलेली रक्कम माझी बुडाली असं धरतो. दोनदा बुडाली. ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायची, मूळ कागद त्याच दिवशी परत.
आणि ताई, तुमच्या ७५ दिवसांचं आधी बघा. नोंदणीकृत छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे. मालक तुमच्या उशिराचा भार त्या पोराच्या अंगावर टाकतो. त्याने त्याचा गुन्हा कमी होत नाही, पण पुढच्या युनिटलाही तुम्ही तसेच पैसे दिलेत तर तिथेही तोच ड्रॉवर सापडेल.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. ४५ दिवसांचं वाचून लाज वाटली. आज दोन दवाखान्यांना पत्र दिलं, आणि माझ्या बायकांच्या उचलीच्या वह्या काढून बसले; दोघींचे खाडे मीही कापले होते, ते परत करतेय. पुण्याच्या कंपनीला कळवलंय की सही करणार नाही, काय आढळलं ते चौकशी झाल्यावर लेखी देईन.

काल संध्याकाळी तो पोरगा चहाच्या टपरीवर भेटला. तक्रारीला तयार आहे, पण म्हणतो मी एकटा नाही, आम्ही चौघं आहोत, आणि एकाची बायकोही तिथेच राहते. त्यांचा जबाब कानडीतून नीट लिहून घेणारं कोणी सोलापुरात आहे का? मी बोलू शकते, पण मला कानडी लिहिता येत नाही. सोमवारी सकाळी प्रांत ऑफिसला जायचं आहे.