थकबाकीचं व्याज गरीब सभासदाला माफ करावं का? बायबलमधल्या लेवीय 19:15 वरून चर्चा

नेरूळकर: नेरूळच्या एका सोसायटीत वाद लागलाय. एका विधवा सभासदाची मेंटेनन्सची 40,000 रुपये बाकी वर्षभर थकलीये, 21 टक्के सरळव्याजाने वर 8,400. कमिटीतले दोघं ख्रिस्ती, दोघंही बायबलचाच दाखला देतात आणि मतं उलट. माझं मत: माफी नको. गरिबाचा पक्ष घेऊ नको, मोठ्याची भीड धरू नको, ही दोन्ही बजावणी लेवीय 19:15 या एकाच वचनात आहे. बायबलच्याच निर्गम पुस्तकातलं 23:3 तर फक्त गरिबाबद्दल बोलतं. जिथे दया येते तिथेच न्याय करणाऱ्याचा तोल जातो.

घणसोलीचा वाचक: पुढचं-मागचंही वाचा. त्याच अध्यायात (19:9-10) शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं गरिबाला राहू द्या, असं आहे. लेवीय 5 मध्ये दोषार्पणाला (दोष घडल्यावर द्यायच्या अर्पणाला) कोकरू. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही जमेना तर एफाचा (धान्याचं जुनं माप) दहावा भाग सपीठ. दोष तोच, क्षमा तीच, भार मात्र ऐपतीप्रमाणे. आणि निर्गम 22:25 गरिबाकडून व्याजच घेऊ नको म्हणतं!

नेरूळकर: 22:25 उसन्या पैशांबद्दल आहे. मेंटेनन्स उसना दिलेला नसतो. पाणी, लिफ्ट, वॉचमन यांचा तिच्या वाट्याचा खर्च शेजाऱ्यांनी उचललाय. लेवीय 5 चा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण ती सवलत आधीच लिहून ठेवलेली होती, याजक (अर्पण करणारा पुरोहित) तोंड बघून देत नव्हता.

ठाण्याचा खजिनदार: घोडं इथेच पेंड खातं. 2014 च्या आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत) 21 टक्के ही कमाल मर्यादा आहे, तेवढंच लावा असं नाही. दर सर्वसाधारण सभा ठरवते. 12 टक्क्यांचा ठराव करा, सगळ्यांना: 8,400 चे 4,800 होतील. नावानिशी माफी द्यायचा अधिकार कमिटीला दिलात, की पुढल्या वर्षी चेअरमनच्या दोस्ताला माफी मिळालीच म्हणून समजा. याकोब 2 मध्ये याच भेदभावाला दोष दिलाय: सोन्याच्या अंगठीवाल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तिथे उभा राहा’. सोसायटीत तेच चालतं: गरिबाचं नाव लिफ्टशेजारच्या बोर्डावर, बड्या थकबाकीदाराला गुपचूप फोन.

घणसोलीचा वाचक: सरसकट 12 टक्के केलं तर तीन फ्लॅट भाड्याने देऊन मेंटेनन्स बुडवणाऱ्याचंही व्याज जवळपास निम्म्यावर येतं. हा कसला समान न्याय? कमावतं माणूस गेलं तर सहा महिने व्याज नाही, असा निकष लिहा. मग अर्ज मागवा, आणि अर्जदाराचा नातेवाईक कमिटीत असेल तर त्याने त्या वेळी बाहेर बसावं.

नेरूळकर: निकष मान्य. पण नीतिसूत्रे 18:17 विसरू नका: आधी बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. कमिटीने फक्त स्वतःचं रजिस्टर पाहिलंय. बाईंना महिनावार हिशोब लेखी द्या, पावत्या दाखवायला 15 दिवस द्या. निकष मात्र ठरावाच्या तारखेपासूनच, नाहीतर तो एकाच नावासाठी केल्यासारखा होईल.

ठाण्याचा खजिनदार: मागच्या बाकीलाही लावता येईल, पण एकटीला नाही. सगळ्या थकबाकीदारांची यादी सभेपुढे ठेवा: नाव आणि फ्लॅट नंबर झाकून, फक्त रक्कम, महिने आणि कारण.