बांधकाम कंपनीसाठी क्लाउड बॅकअप कोणता घ्यावा?

साइटवाला_लातूर: आमची प्रा. लि. बांधकाम कंपनी, ऑफिस औसा रोडला. टॅली, ऑटोकॅडची ड्रॉइंग, आरए बिलं (झालेल्या कामाची चालू बिलं), एमबीचे (मोजमाप पुस्तकाचे) स्कॅन, साइटचे फोटो धरून 600 जीबी डेटा एकाच पीसीवर पडलाय. वर्षाला दहा हजारांच्या आत काय घ्यावं?

नांदेड_बिल्डकॉन: क्लाउडच्या नादी लागू नका मालक. आमच्याकडं सिनॉलॉजीचा नॅस (ऑफिसातच नेटवर्कला जोडून ठेवायचा डिस्कचा डबा) आहे, लई भारी चालतो. डिस्कसकट लाखाच्या घरात जाईल, पण एकदाच खर्च.

जालना_सळई: ते दहा हजार म्हणालेत! गूगल ड्राइव्हचा 2 टीबी प्लॅन घ्या, डेस्कटॉप ॲप टाका, विषय संपला.

वाळूज_नेटवर्क: नाही संपत. ड्राइव्ह नुसतं सिंक करतं. ऑपरेटरनं फोल्डर उडवलं की तिकडूनही उडतं, ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतं, मग गेलं. आमच्या एका गिऱ्हाइकाकडं रॅन्समवेअर शिरलं, टॅलीचा डेटा लॉक झाला आणि लॉक झालेलाच वर चढला. जुनी व्हर्जन टिकवणारं काहीतरी घ्या, पासवर्डही वेगळा ठेवा.

जालना_सळई: माझं तर आजवर काही गेलं नाही.

बीडबायपास: नेटचा स्पीड कुणी विचारला का? 10 एमबीपीएस अपलोडला 600 जीबी चढायला रात्रंदिवस चालवून साडेपाच दिवस लागतात. मधेच लाइट गेली की राउटर बंद.

नांदेड_बिल्डकॉन: इन्व्हर्टरला ट्यूबलर बॅटरीच घ्या. आमची अजून दणकट आहे.

परभणी_लेखापाल: प्रा. लि. आहात ना? मग कंपनी कायद्याच्या लेखा नियमांतल्या 2022 च्या दुरुस्तीप्रमाणं हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवरच लागतो. ॲमेझॉनचं क्लाउड रीजन (सर्व्हर असलेलं ठिकाण) मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात. डेटा कुठं ठेवणार ते आधी लेखी घ्या.

बीडबायपास: मीही तेच म्हणणार होतो.

साइटवाला_लातूर: सगळ्यांचे आभार. साहेबांशी बोललो. टॅली, बिलं आणि एमबी मिळून 40 जीबीच भरतंय, तेवढंच रोज रात्री मुंबई रीजनला टाकणार, व्हर्जनिंग चालू ठेवून. ड्रॉइंग-फोटो दोन हार्डडिस्कवर आलटून पालटून, एक डिस्क कायम साहेबांच्या घरी. नॅस नको, ड्राइव्हही नको.

वाळूज_नेटवर्क: बॅकअपच्या वेळी टॅली बंद असू द्या, नाहीतर डेटा अर्धवट उचलला जातो. आणि अधूनमधून दुसऱ्या पीसीवर रिस्टोर करून कंपनी उघडते का ते बघत जा.

नांदेड_बिल्डकॉन: फोटो वाढले की नॅसच घ्याल, बगा.