पीजीच्या टेकडीवर शिकलेल्यांनो, अनुभव लिहा

शेंगदाणा_चटणी: नमस्कार मंडळी! कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया म्हटलं की आपला नकाशा व्हँकुव्हर-सरेपाशीच संपतो. तिथून गाडीनं दिवसभर उत्तरेला गेलं की प्रिन्स जॉर्ज लागतं. आमच्या भाषेत पीजी. २०२१ च्या जनगणनेत वस्ती ७६,७०८. गावाच्या डोक्यावर, टेकडीवर आमचं विद्यापीठ, यूएनबीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबिया. उत्तरेला स्वतःचं विद्यापीठ हवं म्हणून १६ हजार लोकांनी प्रत्येकी ५ डॉलर भरून अर्जावर सह्या केल्या होत्या. गावानं वर्गणी काढून देऊळ बांधावं, तसंच. १९९० मध्ये कायदा झाला, १९९४ मध्ये टेकडीवरच्या इमारती उघडल्या.

फी, व्हिसा, पीआर यावर ढिगानं लिहून झालंय, ते इथं नको. त्या जागेनं काय शिकवलं, तेवढं सांगा.

सुरुवात माझ्या फजितीपासून. जानेवारीत पोचले, बाहेर उणे ३०. पार्किंगमध्ये बघते तर गाड्यांच्या तोंडातून वायरी लोंबतायत आणि त्या खांबावरच्या प्लगात खोचलेल्या. घरी फोन करून सांगितलं, इथे झाडून सगळ्या गाड्या विजेवर चालतात! बाबांनी ते सोसायटीभर केलं. आठवड्यानं रूममेट म्हणाली, अगं, इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर त्याला शेक देतात. गाड्या पेट्रोलवरच्याच. बाबांनी दुरुस्ती काही छापली नाही.

सागवान: मी वनशास्त्राचा. पहिल्याच सत्रात आम्हाला अलिझा लेकच्या संशोधन-जंगलात नेलं. सुमारे ९ हजार हेक्टर, पीजीपासून तासाभरावर. काम ऐकायला सोपं: जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाला टेप लावा, आकडा ओरडा, दुसरा लिहून घेईल. पण पायाखाली पडलेली खोडं, कमरेपर्यंत झुडपं, कानात डास. मला वाटायचं, आपण विदर्भातले, जंगल आपल्याला काय नवीन? दुपारपर्यंत तीनदा आपटलो.

खरा धडा पाइनच्या भुंग्याचा. तांदळाच्या दाण्याएवढा किडा, साल पोखरून आत अंडी घालतो आणि सोबत एक बुरशी नेतो. बुरशीनं लाकडाला निळसर झाक येते. झाड पुढच्या वर्षी तांबडं होतं, मग राखाडी. पूर्वी कडक थंडीत अळ्या मरायच्या. हिवाळे ऊबदार होत गेले आणि या प्रांतात १.८ कोटी हेक्टरांवर त्याचा फटका बसला. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथे सरांनी कुऱ्हाडीनं साल सोलून नागमोडी बोगदे दाखवले आणि विचारलं, हे लाकूड आता विकायचं की उभं ठेवायचं? वर्गात लाकूडतोड्यांची मुलं होती. त्यांचं आणि पर्यावरणवाल्यांचं असं जुंपलं की डबे तसेच राहिले. उणे ३५ ला शिव्या घालणं मी त्या दिवसापासून सोडलं.

दगडफूल: सागवान, तुम्ही मेलेलं जंगल पाहिलंत, मी म्हातारं पाहिलं. पीजीच्या पूर्वेला शे-सव्वाशे किलोमीटरवर हजार-हजार वर्षांचे देवदारासारखे रेड सीडर आहेत. समुद्रापासून इतकं आत पर्जन्यवन! डोंगरावरचं बर्फ उशिरापर्यंत वितळत राहतं, पाणी उताराच्या पायथ्याशी झिरपतं, जमीन ओलीच राहते. वणवा तिथे फारसा फिरकत नाही, म्हणून झाडं इतकी जगली. या झाडांवर तोडीच्या खुणेच्या फिती आहेत, हे आमच्याच विद्यापीठातल्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या ध्यानात आलं होतं. गावकऱ्यांनी हातानं फळ्या वाहून पायवाट केली, २०१६ मध्ये प्रांतिक उद्यान झालं. नाव चुन टो वुडुजुट, म्हणजे सर्वांत जुनी झाडं.

माझा विषय लायकेन. आई विचारायची, नक्की काय शिकतेस? सांगितलं, गोड्या मसाल्यात दगडफूल घालतेस ना, त्याचे भाऊबंद. तिथे ते फांद्यांवरून केसांसारखे लोंबतात आणि डोंगरी कॅरिबू, म्हणजे तिथली रानटी रेनडिअर हरणं, हिवाळ्यात त्यावर जगतात. बर्फ दोन-तीन मीटर साचून घट्ट झाला की त्यावर उभं राहून त्यांचं तोंड फांदीपर्यंत पोचतं. बर्फ म्हणजे त्यांचं स्टूल. जुनी झाडं तोडली की वरचं ताटही गेलं. आमच्याकडच्या देवराईत आजी एक काटकी उचलू द्यायची नाही, त्याचा मला लहानपणी राग यायचा.

एमबीएवाला: सगळं गोड चाललंय म्हणून लिहितो. मी ना जंगलात गेलो, ना कॅरिबू पाहिला. डिसेंबरात चार वाजता अंधार, शनिवारी आवारात चिटपाखरू नाही, वारा फिरला की खालून कागदाचा लगदा करणाऱ्या पल्प मिलचा कुजक्या अंड्यांसारखा वास. दोनदा परतीचं तिकीट काढायला बसलो होतो. तगलो तो गुरुद्वाराच्या लंगरवर. लाकडाच्या गिरण्यांत कामाला आलेली पंजाबी कुटुंबं तिथे कितीतरी वर्षं आहेत. तिथले एक काका म्हणायचे, पहिला हिवाळा मोजू नकोस.

पाण्याखालचा: एका तासाला आम्हाला वर्गाऐवजी नदीकाठच्या बागेत बोलावलं. नेचॅको आणि फ्रेझरचा संगम तिथून जवळच, आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या 'क्लेटली टेनेह' या नावाचा अर्थच संगमावरची माणसं. कराडचा प्रीतिसंगम आठवला. त्यांच्यातल्या एक आजी बोलल्या. बाग आहे तिथे त्यांचं गाव होतं. रेल्वेला जागा हवी होती, १९१३ मध्ये लोकांना हलवलं, घरं जाळली. उरलं ते स्मशान, अजून बागेतच आहे. विद्यापीठाचं ब्रीद त्यांच्याच डाकेल भाषेत आहे, 'एन चा हुना', तोही जगतो. रोज दारावर वाचत होतो, त्या दिवशी जड वाटलं.

आमचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. मी जन्मलो पनवेलला. सुट्टीत आलो तेव्हा आजोबांना पहिल्यांदा विचारलं, आपलं स्मशान कुठे होतं? त्यांनी माझ्या वहीचं मागचं पान घेतलं आणि आधी नदी काढली.

शेंगदाणा_चटणी: पाण्याखालचा, त्या पानाचा फोटो टाकाल का?

पाण्याखालचा: विचारून सांगतो. अजून वरच्या आळीतली घरं भरतायत.