घरच्या आर्केड कॅबिनेटला बदलता येणारी कंट्रोल पॅनल: बसवायची कशी, जोडायची कशी?

मुस्तफा_९३

नमस्कार मंडळी, गेले चार महिने पुण्यात घराच्या गॅलरीत आर्केड कॅबिनेट, म्हणजे गेम पार्लरमध्ये असायचं तसं उभं कपाट, बांधतोय. सांगाडा उभा झालाय, १८ एमएम प्लाय, आतली रुंदी २४ इंच, आत एक जुना पीसी विंडोजवाला, त्यावर मेम (जुने आर्केड गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, मॉनिटर पण बसलाय. आता कंट्रोल पॅनलपाशी, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणांच्या फळीपाशी, येऊन पार अडकलोय आणि आठवडा झाला नुसता कागदावर रेघोट्या ओढतोय.

अडचण अशी की मला खेळायचे गेम एकमेकांशी जुळतच नाहीत. स्ट्रीट फायटर २ ला दोघांना प्रत्येकी सहा बटणं पाहिजेत. आमच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये सगळे ज्याला मुस्तफा म्हणायचे तो कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स, त्याला दोनच बटणं पण खेळाडू तीन, आणि तिघांनी एकत्र खेळला नाही तर त्यात काय राहिलं, माझा धाकटा भाऊ आणि मावसभाऊ दिवाळीला येणारेत ते त्याच्यासाठीच येणारेत. पॅकमॅनला चारच दिशांची जॉयस्टिक लागते, आठ दिशांच्या जॉयस्टिकवर खेळलं की वळणावर तिरकी लागते आणि भूत खाऊन टाकतं. मिसाइल कमांडला ट्रॅकबॉल म्हणजे तळहाताने फिरवायचा गोळा, आर्कनॉइडला स्पिनर म्हणजे गोल फिरणारा नॉब. हे सगळं एकाच पॅनलवर बसवलेले फोटो बघितलेत मी, हात ठेवायला जागा नसते आणि फायटिंगमध्ये तळहात सारखा ट्रॅकबॉलवर जातो. म्हणून ठरवलं की पॅनलच बदलायची, जो गेम त्याचं पॅनल, काढायचं आणि दुसरं बसवायचं, दोन मिनिटांच्या आत आणि हातात स्क्रूड्रायव्हर न घेता.

विचारायचं एवढंच की पॅनल पक्कं बसावं पण झटकन निघावं यासाठी तुम्ही काय केलंत? आणि वायरिंग कसं तोडायचं, एन्कोडर (कुठलं बटण दाबलं ते पीसीला कळवणारा बोर्ड) कॅबिनेटमध्ये ठेवून मध्ये मोठा कनेक्टर, का प्रत्येक पॅनलला स्वतःचा एन्कोडर? दुसऱ्यात खर्च वाढतो म्हणून मन कचरतंय. ज्यांनी खरंच बांधलंय त्यांनी सांगा प्लीज.

रंधा_पटाशी

दादा, आधी लाकूड, मग वायर. माझं चार वर्षं चालू आहे, तीन पॅनल आहेत, आणि त्रास जो झाला तो सगळा लाकडाचा झाला, वायरिंगचा जवळजवळ नाहीच.

पॅनल म्हणजे नुसती फळी धरू नका, उथळ खोका धरा, वर फळी आणि खाली चारी बाजूंनी पट्टी, म्हणजे काढून टेबलावर ठेवलं तरी खालच्या वायरी आणि जॉयस्टिकचं बूड चेपत नाही. कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंना आतून एक इंची सागवानी रीप ठोका, त्यावर खोका टेकेल. पण खरा भार पुढच्या कडेवर येतो हे लक्षात ठेवा. माणूस उभा राहून खेळताना मनगटं टेकवतो, हरायला लागला की अंगच टाकतो, आणि मुस्तफा तिघं खेळणार म्हणताय म्हणजे तिघांचा भार. तर पुढे आडवी एक पट्टी पाहिजेच, तिला वर अर्ध्या इंचाचा ओठ ठेवा, पॅनलची पुढची कड त्या ओठात अडकवायची आणि मग मागची बाजू खाली दाबायची. मागे दोन टॉगल कड्या, पत्र्याच्या मोठ्या पेटीला असतात ना ओढून दाबायच्या, त्याच, हार्डवेअरच्या दुकानात कुठेही मिळतात. ओठ पुढून ओढू देत नाही, कड्या मागून उचलू देत नाहीत, दोनच कड्यांत पॅनल दगडासारखं बसतं. कड्या आतल्या बाजूला घ्या, बाहेर घेतल्या की खेळणाऱ्याच्या मांडीला लागतात.

आता फट. माझं पहिलं पॅनल मे महिन्यात इतकं घट्ट बसवलं होतं की बघून बरं वाटायचं, आणि जुलैत ते निघेचना, एमडीएफ होतं, कडांना सीलर मारला नव्हता, फुगलं. शेवटी पटाशीने उचकटून काढलं आणि कोपरा गेला. तर एमडीएफ नको, प्लायच घ्या, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन एमएम फट ठेवा, ती दिसत नाही. पॅनल डावी-उजवीकडे हलू नये म्हणून खालच्या रिपेला दोन लाकडी खुंट्या आणि पॅनलच्या बुडाला त्यांची भोकं, खुंट्यांची टोकं निमुळती करा म्हणजे अंधारातसुद्धा आपोआप जागेवर येतं. सनमायका लावणार असाल तर वरून आणि खालून दोन्हीकडे लावा, एकाच बाजूला लावली की फळी वर्षभरात धनुष्यासारखी वाकते आणि मग ओठात बसत नाही.

खोली किती ठेवायची हे जॉयस्टिक बघून ठरवू नका. सगळ्यात खोल जातो तो ट्रॅकबॉल, त्याचं आख्खं यंत्र हातात घेऊन मोजा आणि त्यावरून रीप किती खाली ठोकायची ते ठरवा, नाहीतर चार पॅनल झाल्यावर पाचवं खाली पीसीला अडेल. अजून एक, १८ एमएम प्लायमध्ये जॉयस्टिकचा दांडा वर फार आखूड निघतो, तिथे खालून राउटरने खाच मारून लाकूड ७-८ एमएम ठेवावं लागतं, किंवा पॅनलची फळीच १२ एमएम घ्या. दाबून बसवायची बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, जाड फळीत त्यांचे कान पकडत नाहीत, आटे असलेली नटवाली बटणं घ्या. भोकं ३० एमएमच्या फोर्स्नर बिटने, खाली रद्दी फळी दाबून, म्हणजे मागून पापुद्रे निघत नाहीत.

डीबी_पंचवीस

वरच्यांशी लाकडाबाबत शंभर टक्के सहमत. वायरिंगचं मी सांगतो, मी एन्कोडर कॅबिनेटमध्ये ठेवून मोठ्या कनेक्टरच्या वाटेने गेलो होतो, दोन वर्षं वापरलं.

हिशोब असा की एका खेळाडूच्या चार दिशा, सहा बटणं, एक स्टार्ट, एक कॉइन मिळून बारा वायरी, दोघांच्या चोवीस, आणि सगळ्यांना मिळून एक ग्राउंड. बरोबर पंचवीस! जुन्या प्रिंटर पोर्टचा डीबी २५ कनेक्टर जणू ह्याच्यासाठीच केलाय असं वाटलं मला, लॅमिंग्टन रोडवरून जोड्या आणल्या, केबल जुनीच घरात होती. आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्या खेळाडूचं कुठलंही बटण दाबलं की बरीच बटणं एकदम लागायला लागली. रात्रभर सोल्डर तपासत बसलो. दोष केबलचा निघाला, प्रिंटर पोर्टमध्ये १८ ते २५ या पिना सगळ्या ग्राउंडच्या, म्हणून त्या केबलमध्ये त्या आतूनच एकत्र जोडलेल्या होत्या. तेव्हा जुनी केबल वापरणार असाल तर पंचवीसच्या पंचवीस पिना मल्टिमीटरने एकेक वाजवून बघा, सरळ जातात का आणि शेजाऱ्याला लागत नाहीत ना.

पण खरं सांगू का, पुढे मी हे सगळं काढून टाकलं. पंचवीस पिनांत ट्रॅकबॉलला जागाच उरत नाही, त्याला एक्सच्या दोन, वायच्या दोन आणि वर पाच व्होल्ट लागतात. तिसरा खेळाडू तर विसराच. ३७ पिनांचा घेतला तरी पुढचं पॅनल सुचलं की परत अपुरा. कनेक्टर एकदा ठरवला की पुढची सगळी पॅनल त्याच्या मुठीत. आता माझ्या प्रत्येक पॅनलमधून एकच यूएसबी शेपूट निघते. खर्चाचं म्हणाल तर प्रो मायक्रो नावाचा छोटा आर्डुइनो बोर्ड लावा, तो पीसीला सरळ कीबोर्ड म्हणून दिसतो, तयार आर्केड एन्कोडरच्या मानाने बराच स्वस्त पडतो, आणि त्याला १८ पिना आहेत म्हणजे एक खेळाडू आरामात. बटणाची एक वायर पिनला, दुसरी ग्राउंडला, बोर्डाच्या आतला पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिनला वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू करा, बाहेरून रेझिस्टरसुद्धा लागत नाही.

मुस्तफा_९३

दोघांचेही मनापासून आभार, खुंट्यांची आयडिया तर लगेच उचलली. एक शंका, तीन खेळाडू म्हणजे तीन बोर्ड, मग तीन यूएसबी वायरी का? आणि बाजारात ते झीरो डीले नावाचे तयार जॉयस्टिक बोर्ड मिळतात ते घेतले तर प्रोग्रॅमिंग वाचेल ना?

साताऱ्याचा_सोल्डर

तीन वायरी नाही, पॅनलच्या पोटात चार पोर्टचा एक छोटा यूएसबी हब चिकटवा, बाहेर एकच. आणि प्रो मायक्रोचं यूएसबी तोंड फार नाजूक असतं, दोन-चार ओढाओढीत बोर्डावरून उखडतं, माझे दोन गेले. म्हणून रोजची काढघाल त्या तोंडावर येऊ देऊ नका. पॅनलच्या मागच्या पट्टीवर प्रिंटरला असतो तो चौकोनी यूएसबी सॉकेट स्क्रूने बसवा, कॅबिनेटमधली वायर त्यात लावायची, आतली वायर केबल टायने फळीला बांधून टाका.

झीरो डीले बोर्ड वाईट नाहीत, पण बदलत्या पॅनलला मी घेणार नाही. एकसारखे दोन बोर्ड विंडोजला सारखेच दिसतात, काढघाल झाली की कधी पहिला दुसरा होतो, आणि ऐन वेळी भाऊ तुमचा माणूस चालवत असतो. कीबोर्ड असेल तर हा प्रश्नच येत नाही, की ती की.

कीबोर्डचे पण दोन खड्डे आहेत ते आधीच सांगतो. एक, साध्या कीबोर्ड लायब्ररीत एका वेळी सहाच की जातात, शिफ्ट-कंट्रोलसारख्या वेगळ्या, म्हणून दोन खेळाडू एका बोर्डावर कोंबू नका, एकाला एक बोर्ड. दुसरा, मेममध्ये पहिल्या खेळाडूचं चौथं बटण म्हणजे डावी शिफ्ट असते, आणि स्ट्रीट फायटरमध्ये ती हलकी लाथ. ती पाच वेळा पटापट मारली की विंडोजची स्टिकी कीजची खिडकी तोंडावर उघडते! आधीच सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करा.

मेमचं म्हणाल तर प्रत्येक पॅनलची वेगळी कंट्रोलर फाइल, म्हणजे कुठली की कुठलं बटण याची यादी, करून सीटीआरएलआर फोल्डरमध्ये ठेवा आणि गेम चालू करताना तीच द्या. फक्त टॅब मेनूत जाऊन तुम्ही आधी काही बटणं बदलली असतील तर ती सीएफजी फोल्डरमध्ये बसलेली असतात आणि ती वरचढ ठरतात, आपल्याला वाटतं नवीन फाइल चालतच नाही. तो फोल्डर आधी रिकामा करा. माझ्या प्रत्येक पॅनलचा बोर्ड जोडल्याबरोबर एकदाच एफ १३, एफ १४ अशी एक की पाठवतो, जी नेहमीच्या कीबोर्डवर नसतेच, आणि ती आली की माझा मेनू त्या पॅनलच्या गेमची यादी उघडतो. ट्रॅकबॉलचं पॅनल लावलं की पॅकमॅन यादीत दिसतच नाही, घरच्यांना काही समजवावं लागत नाही.

स्पिनर विकत घेऊ नका. ६०० पल्सचा औद्योगिक रोटरी एन्कोडर (हा वेगळा, दांडा किती फिरला ते सांगणारा), ६ एमएम दांड्याचा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, प्रो मायक्रो त्याच्या दोन्ही वायरींच्या चढउतार मोजतो म्हणजे एका फेरीला २४०० ठोके, आर्कनॉइडला पुरून उरतात. त्या एन्कोडरला पुलअप लागतो एवढं बघा, त्याच्याशिवाय गप्प बसतो. मेममध्ये माउस चालू करायला विसरू नका. वर जड अ‍ॅल्युमिनियमचा नॉब बसवा, वजन असलं की फिरवून सोडला तरी फिरत राहतो, तीच तर मजा आहे त्याची.

सनीवेलकर

मी इकडे कॅलिफोर्नियात, जिथे अटारीचं ऑफिस होतं त्याच गावात राहतो, घरी ८० च्या दशकातलं एक मूळ कॅबिनेट आहे. त्यातही पॅनल टॉगल कड्यांनीच धरलंय, कॉइन डोअर, म्हणजे नाणं टाकायच्या जागेचं पुढचं दार, उघडून हात आत घालून कड्या सोडायच्या की पॅनल पुढे कलतं, दुरुस्तीवाल्याला सोपं जावं म्हणून. म्हणजे वरच्या रंधावाल्यांनी सांगितलं ते चाळीस वर्षं टिकलेलं काम आहे.

एकच भर घालतो. स्टार्ट, कॉइन, गेममधून बाहेर पडायचं बटण आणि आवाज, हे कुठल्याच पॅनलवर घेऊ नका. कॅबिनेटवरच, पॅनलच्या वर मॉनिटरखाली जी अरुंद पट्टी असते तिच्यावर कायमचे बसवा, वेगळ्या बोर्डावर. प्रत्येक पॅनलची पाच-सहा भोकं वाचतात, आणि पॅनल काढलेलं असताना पण पीसी नीट बंद करता येतो. आणि २३० व्होल्टचं काहीही, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, ट्यूब, पॅनलच्या जागेपासून फळी मारून वेगळं करा, कारण पॅनल निघालं की ती जागा उघडी असते आणि घरात मुलं हात घालतात.

मुस्तफा_९३

ठरलं मग. प्रत्येक पॅनलला आपला बोर्ड, मागे चौकोनी सॉकेट, पुढे ओठ, मागे दोन कड्या. कायमच्या बटणांची पट्टी डोक्यातच आली नव्हती, ती मॉनिटरखाली तीन इंच जागा आहे तिथे बरोबर बसतेय. रविवारी भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन १२ एमएम प्लाय आणतो, आणि पहिलं पॅनल तिघांचंच करणार. २४ इंचात तीन जॉयस्टिक म्हणजे माणशी आठ इंच, खांद्याला खांदा लागेल, पण पार्लरमध्ये पण लागायचाच. रंधादादा, दिवाळीला दमट नसतं तेव्हा दोन एमएम फट जास्त होईल का?

रंधा_पटाशी

होऊ द्या. फटीत आतून फेल्टची पट्टी चिकटवा, खडखड होणार नाही आणि पावसाळ्यात ती दबते. आणि भोकं पाडायच्या आधी नकाशा कागदावर खऱ्या मापात छापून पुठ्ठ्यावर डकवा, भावाला आणि मावसभावाला व्हिडिओ कॉलवर नाही, समोर उभं करून हात ठेवायला लावा. मधल्या माणसाची जॉयस्टिक दीड इंच पुढे घ्यावी लागते, कोपर मागे जायला जागा लागते त्याला.