अनुभव धागा : जुनी मारुती ८०० घेताना आणि उभी करताना

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. शेवटच्या गाड्यांनाही आता दशक उलटून गेलंय, तरी ड्रायव्हिंग शिकायला, गल्लीबोळात फिरवायला आणि कमी खर्चात घरची गाडी म्हणून लोक ती आजही शोधतात. गाडी स्वस्त मिळते, पण खरा खर्च घेतल्यानंतर सुरू होतो, आणि बरेचदा तो चुकीच्या क्रमाने होतो. म्हणून ज्यांचे हात या गाडीवर बसलेत त्यांनी लिहावं : घेण्याआधी काय बघायचं, कोणता पार्ट का जातो, कोणतं काम आधी करायचं. कृपया लक्षण, कारण आणि उपाय असं नेमकं लिहा.

डेंटर, रत्नागिरी

आधी पत्रा. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण पोखरलेली बॉडी परवडणाऱ्या पैशात पुन्हा सरळ होत नाही. कोकणातल्या आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे दुप्पट लागू.

गाडी बघायला जाताना टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि साधं लोहचुंबक न्या. रनिंग बोर्ड, मागच्या चाकाच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा यांवर चुंबक फिरवा. जिथे ते नीट चिकटत नाही तिथे खाली पुटी (पत्र्याचा खड्डा झाकणारं भराव मटेरियल) भरलेली आहे. मग दोन्ही बाजूंचं कार्पेट उचला. खाली नमदा ओला असेल, कुबट वास येत असेल तर तळाचा पत्रा गेलाच समजा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका : चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि गंजाचा भुगा खाली सांडतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा भाग, डिकीतली स्टेपनीची जागा, बॅटरीचा ट्रे (ॲसिड सांडून खातो), पुढच्या शॉकअपच्या वरचा ॲप्रन (बोनेटखालचा बाजूचा पत्रा) आणि मागच्या ट्रेलिंग आर्मची (मागचा ॲक्सल बॉडीला धरणारा दांडा) बसायची जागा, हे सगळं बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. शेवटच्या दोन जागांवर गंज असेल तर गाडी सोडून द्या. तिथे चाकाचा भार येतो, त्यामुळे वरवर ठिगळ लावून भागत नाही.

एक पक्की परीक्षा आहे. एका बाजूला जॅक पॉइंटवर जॅक लावून गाडी उचला आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करा. दार अडकलं, किंवा जॅकखाली रनिंग बोर्ड कुरकुरत आत दबलं, तर सांगाड्यातली ताकद गेलेली आहे.

दुरुस्ती करायची तर सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा. तळाला २० गेजचा, बाहेरच्या पॅनलला २२ गेजचा (गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ) सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड पत्रा, आणि वेल्डिंग सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणारं विजेचं वेल्डिंग). गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा पत्रा वाकतो आणि शेजारचा रंग मागून जळतो. गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. वेल्डिंग झालं की इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर, आणि मग अंडरकोटिंग. गंजावर थेट डांबरी कोटिंग मारलेली गाडी बाहेरून काळीभोर, नवी दिसते. आत ओलावा अडकून पत्रा आणखी जोरात सडत असतो.

मेकॅनिक, सातारा

वरच्या मताशी पूर्ण सहमत. पत्रा पास झाला तरच बोनेट उघडायचं.

इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२. हेच एफ८बी इंजिन ओम्नीतही होतं, म्हणून इंजिनाचे पार्ट आजही सहज मिळतात. गाडी थंडच असताना बघायला जा. विकणाऱ्याला आधी कळवून ठेवा की सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर येऊन मिनिटाभरात थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, त्याचा खर्च कमी. धूर सतत येत असेल आणि ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर वाफेसारखा फुसफुसत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

अंदाजावर न जाता कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावा. तिन्ही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सेल्फ मारायचा. तिन्ही सिलिंडरच्या आकड्यांत १ किलोपेक्षा (प्रति चौरस सेंटीमीटर) जास्त फरक नसावा. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग-बोअरचं काम, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. गाडी घेण्याआधी अर्ध्या तासाचं हे काम. त्याने इंजिन उतरवायचं की नाही ते तिथेच ठरतं.

टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा रबरी पट्टा) कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरून चाला. बेल्टबरोबर टेन्शनर आणि क्रँक-कॅमचे ऑइल सील घाला. जुना सील नव्या बेल्टवर ऑइल टाकतो आणि बेल्ट फुगतो. रबराला किलोमीटरपेक्षा वय जास्त खातं, त्यामुळे गाडी कमी चाललीय या कारणाने बेल्ट सोडू नका.

रेडिएटर आणि हेडचं काम करणारा, सोलापूर

या गाड्यांची इंजिनं झिजून कमी आणि तापून जास्त मेली आहेत. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा जोरात तापलं की वाकतं. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत कारणं ठरलेली असतात : बोअरचं पाणी भरून रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या, पंख्याचा थर्मो स्विच गेलेला, वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून थेंब, आणि कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलेला.

थर्मोस्टॅट काढणं हा उपाय नाही. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला पोचायला खूप वेळ घेतं, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ दोष, म्हणजे बुजलेला रेडिएटर, तसाच राहतो. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी भांड्यात पाणी तापवून त्यात सोडा. साधारण ८२ अंशाला तो उघडायला लागला पाहिजे.

पंखा सुरू होत नसेल तर स्विचचा सॉकेट काढून दोन्ही वायरी तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर स्विच खराब. नाही फिरला तर मोटर, फ्यूज नाहीतर रिले.

हेड उतरवलं असेल तर लेथवाल्याकडे न्यायच्या आधी सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर फेस मारायलाच (पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करायलाच) हवा. बसवताना नवं गॅस्केट, ब्लॉकची भोकं हवेने साफ, आणि बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने टॉर्क रेंचने तीन टप्प्यांत. भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर टॉर्क लागल्यासारखा वाटतो आणि गॅस्केट पुन्हा फुंकतं. ही चूक फार होते. नंतर कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळायचं.

कार्बोरेटर ट्यूनिंग, पुणे

साधारण २००० पर्यंतच्या गाड्या कार्बोरेटरच्या, पुढच्या एमपीएफआय (कॉम्प्युटरने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणाऱ्या). नवशिक्याने एमपीएफआय घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कार्बोरेटर नीट लावणारे हात कमी होत चाललेत.

कार्बोरेटरची गाडी आयडलला बंद पडत असेल तर स्क्रू फिरवायच्या आधी इडल सोलेनॉइड (आयडलचं पेट्रोल सोडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बघा. चावी ऑन-ऑफ केली की त्यातून ‘टिक’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही तर वायर किंवा सोलेनॉइड. त्यानंतर कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट : इंजिन चालू ठेवून तिथे थोडं कार्ब क्लीनर फवारा, आरपीएम बदलला तर हवा ओढतंय. पिकअप देताना झटका बसत असेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम. किट बदलताना जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी) तारेने टोचू नका. भोक मोठं होतं आणि ॲव्हरेज कायमचं जातं.

आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या रबरी पेट्रोल पायपा त्यात मऊ होतात, फुगतात, आतून सुटलेले कण जेटमध्ये अडकतात. गाडी घेतली की टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या रबरी पायपा ई२० चालणाऱ्या घाला, क्लिपा आणि फिल्टरही नवे. कार्बोरेटरची गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा करा.

एमपीएफआयमध्ये चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का बघा. दिवा लागतच नसेल तर दोष लपवायला कोणी बल्ब काढलेला असू शकतो. मागच्या सीटखाली कान दिला की पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद गूं असा आवाज येतो, तो सलग आणि गुळगुळीत हवा.

ब्रेक आणि सस्पेन्शन, नाशिक

ब्रेकवर काटकसर नको. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत. मागचे ड्रम उघडा, व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड नखाने उचला. आत ओल दिसली की दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदला. शूवर फ्लुइड लागलं असेल तर शूसुद्धा, धुऊन ते परत चालत नाहीत. पुढचे रबरी होज वीस वर्षं जुने असतील तर आतून सुजून दाब अडवतात, चाक ब्रेक सोडतच नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. ब्लीडिंग (ब्रेकच्या पायपांतली हवा काढणं) मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरू करा.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आवाज म्हणजे सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा सांधा) गेला. त्यावरचा रबरी बूट फाटलाय पण आवाज नाही, अशा वेळी लगेच बूट आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचतो.

टायर १२ इंची, १४५/७० आर १२. दुकानात जुना माल पडलेला असतो. बाजूवरचा चार अंकी आकडा वाचून घ्या : २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

इलेक्ट्रिशियन, नागपूर

थोडक्यात. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. सेल्फ जड फिरत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजलीय. ती साफ करा किंवा बदला.

हेडलाइट पिवळट पडत असतील तर जास्त वॅटचे बल्ब टाकू नका, स्विच आणि वायरिंग जळतं. मूळचेच ६०/५५ वॅटचे बल्ब ठेवून दोन चार-पिनी रिले आणि बॅटरीपासून फ्यूज लावलेली स्वतंत्र वायर द्या. प्रकाशातला फरक लगेच दिसतो.

आरटीओची कामं करणारा, ठाणे

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. महाराष्ट्रात हरित कर वेगळा. म्हणून आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) तारीख आधी वाचा आणि हे पैसे किमतीतून वजा करून बोला.

गाडी तपासणीला न्यावी लागते आणि चासी नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. तो पत्र्यावर ठोकलेला असतो. त्यावर गंज चढून आकडे वाचता येत नसतील तर काम अडतं. घेतानाच कापडाने पुसून आरसीशी ताडून बघा.

नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर ३ वर्षांनी. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि इथला रोड टॅक्स, त्यामुळे ती स्वस्त पडतेच असं नाही. थकलेले चलान परिवहनच्या साइटवर दिसतात, पैसे देण्याआधी बघा.

एक वाचक, बेळगाव

थर्मोस्टॅट काढलेला आहे हे गाडी बघायला गेल्यावर, काही न उघडता कसं ओळखायचं?

रेडिएटरवाला, सोलापूर

थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवून उभे राहा, पंख्यापासून हात लांब. थर्मोस्टॅट असेल तर काही मिनिटं होज गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. नसेल तर पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जातो. तसं आढळलं तर रेडिएटर बुजलेला आहे असं धरून त्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.